धुण्याचा दगड

लग्न होऊन मी घाटकोपरहून दहिसरला आले, तेव्हा माहेरच्या चाळीतल्या बायका म्हणाल्या, पोरीला मुंबईबाहेर दिली. अगदीच खोटं नव्हतं ते. ऐंशीनंतरची पहिली काही वर्षं होती. नदीच्या एका अंगाला जुनं गावठाण, दुसऱ्या अंगाला आमच्यासारख्या भाडेकरूंच्या बैठ्या चाळी. नळाला सकाळी वीस मिनिटं पाणी यायचं, त्यात प्यायचं आणि स्वयंपाकाचं भरलं की संपलं. चादरी, गोधड्या, पुरुषांचे जाड कपडे, सगळं नदीवर. मी आयुष्यात कधी उघड्यावर धुणं धुतलं नव्हतं. पहिल्या दिवशी मी तिथे चक्क रडले होते, आता सांगायला हरकत नाही.

तेव्हा मला जागा करून देणारी एकच बाई होती. गावठाणातली म्हातारी, सत्तरीच्या पुढची, सगळा घाट तिला मावशी म्हणायचा. तिचा स्वतःचा दगड होता. पुरुषभर लांब, पाण्याकडे थोडा कललेला, वरून इतका गुळगुळीत की साबण घसरायचा. तो तिच्या आजेसासूपासून चालत आलेला, त्यामुळे तिला विचारल्याशिवाय त्यावर कोणी कपडा आपटत नसे. मला तिने न विचारता अर्धा दगड दिला आणि म्हणाली, "घे बाय, रडून धुणी निघत नाय."

माझे सासरे, त्यांना आम्ही सगळे आबा म्हणायचो, गिरणीत फोल्डिंग खात्यात होते. तयार कापड टेबलावरून सरकत जायचं आणि त्यातला दोष आबा डोळ्यांआधी बोटांनी ओळखायचे. संप लागला आणि ती बोटं घरी बसली. वर्ष झालं, दीड वर्ष झालं. माझे यजमान अंधेरीला एका कारखान्यात कामाला होते, म्हणून घर चालत होतं. पण रिकामा पुरुष घरात किती जागा व्यापतो, ते ज्या बाईने दोन खोल्यांत संसार केला तिलाच ठाऊक. सासूबाई त्यांना उठता बसता वाचनालयात पिटाळायच्या.

तिथेच त्यांना काम सापडलं. वाचनालयाची स्मरणिका निघणार होती. जाहिराती मिळाल्या होत्या, अध्यक्षांचं मनोगत तयार होतं, पण 'गावाचा पूर्वेतिहास' लिहायला कोणी मिळेना. गावातल्या शिकलेल्यांना वेळ नव्हता आणि वेळ असलेल्यांना लिहिता येत नव्हतं. आबा म्हणाले, मी लिहितो. सेक्रेटरींनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, तुम्ही कोकणातले ना? आबा म्हणाले, "म्हणूनच. माझी ह्या गावात जमीन नाय आणि भांडाणपण नाय."

त्यांची इतिहास गोळा करायची तऱ्हा अजब होती. गाव किती जुनं, असं ते कोणाला विचारतच नसत. सुरुवातीला विचारलं तर जो तो आपल्या पूर्वजाला एखाद्या राजाच्या पंगतीला नेऊन बसवायचा. मग आबांनी एकच प्रश्न धरला, तुमच्या घरात पाणी कुठून यायचं? त्यावर कोणी खोटं बोलेना. कोण कोणाच्या विहिरीवर जायचं, कोणाला जाऊ देत नसत, उन्हाळ्यात नदीत झरे कुठे खणायचे, बैलगाड्या कुठल्या उतारावरून पार व्हायच्या, खाडीच्या तोंडाशी मिठाची होडी कुठपर्यंत यायची, हे सगळं त्या एका प्रश्नातून बाहेर पडायचं. रोज संध्याकाळी ते सांगायचे आणि मी दोनशे पानी वहीत उतरवून घ्यायचे. माझं अक्षर बरं होतं आणि त्यांचं मुंगीला शाईत बुडवून सोडल्यासारखं.

खरं सांगायचं तर ती माझी लग्नानंतरची सगळ्यात सुखाची वेळ होती. भाकऱ्या आटोपलेल्या, यजमान अजून यायचे, सासूबाई शेजारी गप्पांना, आणि आम्ही दोघं त्या गावाची विहिरीविहिरीने मांडणी करतोय. सासरा आणि सून एवढं बोलतात म्हणून चाळीत कुजबुज होती. होऊ दे म्हटलं.

आबांना सगळ्यात जास्त सांगितलं ते मावशीने. ती धुता धुता बोलायची आणि आबा वरच्या बांधावर, बायकांकडे पाठ करून बसायचे. तिचं बोलणं त्यांच्या पाठीला ऐकू यायचं. या रीतीने आमच्या दोन वह्या भरल्या. बायकांना त्याचं हसू यायचं, पण कोणी हरकत घेतली नाही.

त्या वर्षी श्रावणात नदीला मोठं पाणी आलं. दोन दिवसांनी उतरलं, तेव्हा घाटाचा काठ खचला होता आणि मावशीचा दगड उलटा होऊन एका टोकावर मातीत रुतून उभा राहिला होता. शंभर वर्षं जी बाजू मातीत होती ती आता समोर आली होती. मावशी कमरेवर हात ठेवून त्याला शिव्या देत होती. चार जण बोलावून तो परत पालथा घालायचं तिचं चाललं होतं. आबा बांधावरून उतरले आणि जवळ जाऊन त्यांनी चिखलावरून बोटं फिरवली. मग तशीच परत फिरवली. मी बाजूला बादली घेऊन उभी होते. मला म्हणाले, "हयसर बोट लाव गो. काय लागता?"

मला काही लागलं नाही. पण आबांनी ओंजळीने पाणी मारून चिखल उतरवला, तसा वर एक सूर्य दिसला, त्याच्या शेजारी चंद्रकोर, दोघांच्या मध्ये खाली कलश, आणि त्याच्या खाली ओळी. मी मोजल्या, नऊ होत्या. अक्षरं मातीच्या कठीण थराने भरलेली, आपल्यासारखी आणि तरी आपली नव्हेत अशी. आबांना त्यातलं एकच वाचता आलं, श्री. त्यांनी तो श्री मला दाखवला आणि त्यावरून पुन्हा बोट फिरवलं. गिरणी बंद पडल्यापासून या माणसाच्या तोंडावर मी जे तेज पाहिलं नव्हतं, ते त्या दिवशी पाहिलं.

बोरिवलीच्या एका प्राध्यापकांना या जुन्या लेखांतलं कळतं असं समजलं, म्हणून आम्ही त्यांना पत्र टाकलं. त्यांचं पोस्टकार्ड आलं. दानाचा लेख असावा, गावाचं नावही त्यात निघू शकतं, निघालं तर तुमचं गाव आठशे-नऊशे वर्षांमागे जाईल. दिवाळीच्या सुट्टीत येऊन ठसा घेतो, तोवर काही करू नका. खिळ्याने कोरू नका, खडूने भरू नका, तेल लावू नका. 'तेल' या शब्दाखाली त्यांनी दोन रेघा ओढल्या होत्या.

आबांनी ते पोस्टकार्ड खिशात ठेवलं आणि मावशीकडे गेले. दगड असाच उभा राहू द्या म्हणाले, वाचून होईपर्यंत. मावशीला ते काही फार पटलं नाही. दुसऱ्या दगडावर धुतलं की तिची कंबर धरायची. पण आबांवर तिचा जीव होता. ती म्हणाली, "तुजा वाचून झाला का परत पालथा घालून दे, दादा. माजी कंबर त्याच उंचीला बसलेली हाय." आबांनी शब्द दिला.

आता माझी करामत.

नवरात्र संपलं आणि नदीकाठी ट्रक येऊ लागला. पलीकडे नव्या इमारतींचे पाये भरायचे होते आणि पुराने उघडे पाडलेले दगड फुकटचे होते. चार कामगार पहारी घेऊन उतरायचे आणि काठ साफ करत पुढे सरकायचे. एका शनिवारी सकाळी ते मावशीच्या दगडापर्यंत आले. मावशी त्याला पाठ लावून बसली आणि हलेना. शनिवारची अर्ध्या दिवसाची सुट्टी झाली म्हणून ते गेले, पण मुकादम सांगून गेला, "आजी, सोमवारी हा पहिला उचलणार."

आबा वाचनालयात जाऊन आले. सेक्रेटरी म्हणाले, दगडासाठी काय भांडायचं? वॉर्ड ऑफिसात शनिवारी कोण भेटणार? प्राध्यापक गावाला गेलेले. आबा दारात बसले. चहा निवून गेला. माझ्याने ते बघवेना, आणि मला गप्प बसायचं वळण नाहीच. उचलली जीभ लावली टाळ्याला. मी म्हटलं, "आबा, शेंदूर फासा त्याला. मग बघू कोण हात लावतो ते."

मी थट्टेत म्हटलं होतं. आबांनी मान वर केली. मग म्हणाले, "देवाची मस्करी करू नये गो."

मी म्हटलं, "मस्करी कुठे? राखणीला बसवायचा. वाचून झालं की खरवडून टाकू."

सासूबाई त्या दिवशी बहिणीकडे चेंबूरला गेल्या होत्या. मी कोपऱ्यावरच्या दुकानातून शेंदराची पुडी आणली, वाटीत तेल घेऊन कालवला. दुपारी अडीचच्या सुमाराला मावशीही जेवायला गेली होती, घाटावर चिटपाखरू नव्हतं. आबांनी वाटी हातात घेतली आणि हात पुढे होईना. आयुष्यभर नारळ दिल्याशिवाय कुठलं काम न केलेला माणूस तो. मग मी त्यांच्या हातातून वाटी घेतली आणि तीन बोटांनी फासला, सूर्यावर आणि चंद्रावर. आबा मागून सांगत होते, "वर लाव, वर. अक्षरांक लागाक नको." नाहीच लागू दिला. अक्षरांच्या वर चांगली वीतभर जागा सोडली. घरून आणलेली दोन जास्वंदीची फुलं वर ठेवली, काम पक्कं व्हावं म्हणून. येताना मला हसू आवरत नव्हतं. आबा हसले नाहीत.

सोमवारी मी मुद्दाम धुणं घेऊन गेले. ट्रक आला. कामगारांनी दगड पाहिला, चपला काढल्या, हात जोडले आणि पुढचा दगड उचलायला गेले. मुकादमाने खिशातून उदबत्ती काढून लावली. कुठल्या देवळासाठी घेतली होती कोण जाणे. इतकं झकास जमलं होतं की मी धावत घरी येऊन आबांना सांगितलं आणि त्या दिवशी आम्ही दोघांनी शिरा खाल्ला.

आठवड्याभरात तिथे नारळ फुटलेला दिसला. आबा म्हणाले, चार दिवसांचं असतं. मग एका बाईच्या मुलाचा ताप उतरला. मग गावठाणातल्या एकाच्या स्वप्नात देवी आली, म्हणाली, मी पुरातून तुमच्याकडे आले आणि तुम्ही मला उघड्यावर ठेवलंत. दिवाळीच्या आत वर पत्रा आला. सूर्य आणि चंद्र हे आपोआपच तिचे डोळे ठरले, त्यांच्यावर चांदीचे डोळे बसवले, कलशाचं नाक झालं. आणि नाक-डोळे आल्यावर खालचं अंग कोणी कोरडं ठेवतं का? ज्याला जसा नवस तसा त्याने शेंदूर चढवला. आधी गळ्यापर्यंत, मग पोटापर्यंत, मग पार पायथ्यापर्यंत. आम्ही दोघं रोज जाऊन बघायचो. कधी तिसरी ओळ बुजलेली असायची, कधी पाचवी. अडवणार कोणत्या तोंडाने? करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं म्हणतात, पण निदान तिथे दोन्ही देवच असतात.

प्राध्यापक दिवाळीत आले नाहीत. परीक्षा, मग घरचं आजारपण, असं करत करत माघात आले. रविवार होता. खांद्याला पिशवी, त्यात ठशासाठी जाड कागद, ब्रश, शाई लावायची कापडी बोंडी. माणूस सरळ होता आणि तापट होता. पत्र्याखाली येऊन त्यांनी दगडाकडे पाहिलं, बोटभर जाडीचा शेंदूर नखाने दाबून पाहिला आणि मोठ्याने विचारलं, "हा शेंदूर कोणी लावला?"

तोवर देवीच्या नावाने निघालेल्या मंडळाची वीसेक माणसं जमली होती. एक जण म्हणाला, "साहेब, चपला काढा आधी." दुसरा म्हणाला, "देवी खरवडायला आलात का? बघू कसे खरवडता." मावशीही आली होती, लांब कडेला उभी होती. प्राध्यापकांनी परत विचारलं, "ह्याच्या खाली तुमच्या गावाचा इतिहास आहे. कोणी लावला पहिल्यांदा?"

आबा एक पाऊल पुढे झाले. ते सांगणार होते. मी त्यांच्या मागेच होते, त्यांच्या छातीत भरलेला श्वास मला दिसला. आणि मी मागून त्यांचा सदरा धरला. घट्ट धरला. मला तिसरा महिना होता, आम्ही भाडेकरू होतो, त्या वीस जणांतल्या चौघांच्या तरी जागेवरून रोज आमचा रस्ता होता. ही सगळी कारणं खरी आहेत आणि मी ती स्वतःला पुष्कळदा सांगितली आहेत. पण खरं कारण हे की मी घाबरले. शेंदूर माझ्या हाताने लागला होता.

आबांनी तो श्वास तसाच सोडून दिला. वळून माझ्याकडे बघितलंही नाही. प्राध्यापकांनी पिशवी खांद्याला लावली आणि जाताना आबांना एवढंच म्हणाले, "तुम्ही पत्रात लिहिलं होतंत, सांभाळतो म्हणून."

त्या दिवसापासून संध्याकाळचं लिहिणं बंद झालं. मी दोनदा वही काढून बसले. आबा म्हणाले, "आज नको." मी तिसऱ्यांदा काढली नाही. वाचनालयाचे सेक्रेटरी स्वतः घरी आले, एरवी जे कधी आले नव्हते. म्हणाले, तुम्ही आधी दिलेला लेख छान आहे, फक्त सुरुवात देवीच्या आगमनापासून करा. आबांनी चहा दिला आणि लेख परत मागून घेतला. शेवटी स्मरणिकेत दुसऱ्याच कोणाचा एक पानी पूर्वेतिहास छापून आला. गाव फार प्राचीन असून नदीच्या पुरातून देवी येथे स्वयंभू प्रकट झाली, असं त्यात पहिलंच वाक्य होतं. विहिरी नव्हत्या, मिठाची होडी नव्हती, झरे नव्हते. गावाचा जो इतिहास छापला गेला, त्याचं पहिलं वाक्य मी वाटीत कालवलं होतं.

पण आबांना पोखरलं ते स्मरणिकेने नाही. ते मावशीने.

मावशीने धुण्याला यायचं सोडलं होतं. आम्हाला वाटलं कंबर धरली असेल. मग कळलं की ती मंगळवार, शुक्रवार कडक उपास करते, त्या वयात, पाणीसुद्धा न घेता. पहाटे येऊन पत्र्याखालची जमीन झाडते आणि देवीच्या मागच्या बाजूला, जिथे इतकी वर्षं धुणी व्हायची, तिथे डोकं टेकून बसते. मी एकदा तिला गाठून विचारलं, मावशी, हे काय चालवलंय? तिने माझा हात धरला. तिचे हात साबणाने पांढरे पडलेले असायचे ते आता कोरडे होते. म्हणाली, "बाय, चालीस वर्सं मी आईच्या पाठीवर धुणी आपटली. माजा धाकला गेला, ते कशान गेला, आता समजला मना."

तिचा धाकटा मुलगा ऐन तारुण्यात गेला होता, ते मला माहीत होतं. कावीळ झाली होती. इतकी वर्षं ती त्याला कावीळ म्हणत होती.

मी घरी येऊन ते आबांना सांगितलं. सांगायला नको होतं, पण एकटीने ते धरून ठेवणं मला जमलं नाही. आबा उठले, सदरा घातला आणि निघाले. मीही गेले. या वेळी मी सदरा धरला नाही. मावशी देवीच्या मागे बसली होती. आबा तिच्यासमोर मातीत खाली बसले. तोवर ते कधी तिच्याकडे तोंड करून बसले नव्हते. म्हणाले, "मावशी, ऐका माझं. ही देवी नाही. हा तुमचा धुण्याचा दगड आहे. ट्रकवाल्यांनी नेऊ नये म्हणून आम्ही शेंदूर लावला. मी आणि हिने. तुमच्या हातून काही पाप झालेलं नाही."

मी पुढे झाले आणि म्हटलं, "मी लावला, मावशी. ह्या बोटांनी."

मला वाटलं ती रागावेल. मला तर तिने थोबाडीत मारायला हवी होती. पण तिच्या तोंडावर माया आली, आणि ती आबांची समजूत घालायला लागली, एखाद्या तापात बरळणाऱ्याची घालावी तशी. "आरं दादा, तू कोन लावनारा? तुमच्या हातून तिनंच लावून घेतला. तुमी पुन्यवान, तुमाला हात लावू दिला. मी पापी."

आबांनी परत सांगितलं. तिने परत तेच म्हटलं. तिसऱ्यांदा आबांनी तोंड उघडलं तेव्हा तिने त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं, देवीचे पहिले पुजारी म्हणून. खरं बोलायची सुद्धा वेळ असते आणि ती वेळ माघातल्या त्या रविवारी माझ्या मुठीत चुरगळून गेली होती. घरी येताना आबा वाटेत दोनदा थांबले. मला वाटलं दम लागला.

दमच होता तो. गिरणीतली कापसाची धूळ छातीत वर्षानुवर्षं साठलेली, डॉक्टर म्हणाले. मावशी पुढच्या पावसाळ्यात गेली, उपासानेच गेली असं मी मानते, आणि त्यानंतर आबा खाटेवरून फारसे उठले नाहीत. मुलगा झाला होता मला. त्याला ते पोटावर घेऊन झोपायचे, तेवढंच त्यांचं हसू. बोरिवलीच्या इस्पितळातून त्यांना परत घरी आणलं, तेव्हा डॉक्टरांनी माझ्या यजमानांना बाजूला घेऊन सांगितलं. सासूबाईंना कोणी काही सांगितलं नाही, पण त्या काय लहान होत्या?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझ्या हातात नारळ दिला, तेलाची बाटली दिली आणि शेंदराची मोठी पुडी. त्या देवीला बोलल्या होत्या. आबा उठून बसू देत, अंगभर शेंदूर चढवीन, असं. आता उठून बसायची वाट बघायला वेळ नव्हता, म्हणून आधीच चढवायचा. "तूच जा गो," त्या म्हणाल्या. "माका तो उतार उतराक जमाचा नाय. आणि तू सगळा नीट करतंस."

त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. आम्ही दोघांनी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. आबा खाटेवरून ऐकत होते. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी नको म्हणावं म्हणून. बोलायला श्वास लागतो. त्यांनी फक्त डोळे मिटले.

मी गेले. पत्र्याच्या जागी आता विटांची खोली होती, वर छोटा कळस. पुजाऱ्याने मला आत जाऊ दिलं, नवसाचं आहे म्हटल्यावर. मी ताटलीत शेंदूर कालवला. चांदीचे डोळे माझ्याकडे बघत होते. मी वरून सुरुवात केली. कपाळ, गाल, मग खाली. जिथे पहिली ओळ होती ती जागा मला अजून ठाऊक होती. हात तिथे थांबला. खाली कुठेतरी तो श्री होता, आबांनी वाचलेला एकुलता एक. ज्या माणसाने मला हात वर ठेव, अक्षरांना लावू नकोस म्हणून सांगितलं, त्याच माणसाचा जीव मागायला मी त्याच अक्षरांवर शेंदूर फासत होते. आणि मी तो राखून लावला नाही. पूर्ण लावला, नऊच्या नऊ ओळींवर, कडेपर्यंत, एक टीचभर जागा सोडली नाही, कारण कमी पडला तर काय, ही भीती मला खरोखरची वाटली. मग मी हात जोडले. मी म्हटलं, तू कोण आहेस ते जगात माझ्याइतकं कोणालाच ठाऊक नाही. तू देवी असशील तर त्यांना उठव. आणि नसशील तरी उठव.

इतक्या मनापासून मी त्याआधी कुठल्याच देवाला काही मागितलं नव्हतं, आणि नंतरही नाही.

नवव्या दिवशी सकाळी आबा गेले. माणसं जमली, न्यायची तयारी चालली. सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, डोळ्यांत पाणी नव्हतं. मी जवळ बसले तशी त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "देवीचा दोष नाय गो. आपलाच कायतरी चुकला असतला."

मी म्हटलं, "हो आई."